पत्रिकेच्या काठावर मुनिया एकसारख्या अंतरावर कशा बसवायच्या

लगीनसराई आली की नांदेड, परभणी, लातूरकडच्या डीटीपीवाल्यांकडं (कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवणारे) एक मागणी ठरलेली, पत्रिकेला पैठणीचा काठ पाहिजे. मग मुनिया (पोपटाची नक्षी), नारळी (नारळाची), आसावली (फुलापानांची वेल) आणि वरून आंब्याच्या पानांचं तोरण. मुनिया छान काढलेली असते पण पोरं ती एक एक कॉपी करून माऊसनं अंदाजानं सरकवायलेत, आणि कोपऱ्यापर्यंत आलं की जागा उरते अर्धीच, मग शेवटची मुनिया दाबून चपटी करून कशीतरी बसवायची. छापून आलं की ते आधी दिसतं. पैठणला मागावर काठ विणताना ज्यानं बघितलंय त्याला तर लगेच, तिथं धागे मोजूनच नक्षी चढते. आपल्यालाही तेच करायचंय, आधी मोजायचं, मग माऊस हातात घ्यायचा.

सगळ्यात आधी 'पाऊल' ठरवा, म्हणजे एका मुनियाच्या मध्यापासून पुढच्या मुनियाच्या मध्यापर्यंतचं अंतर. समजा ९ मिमी. पत्रिका ५ बाय ७ इंची, म्हणजे साधारण १२७ बाय १७८ मिमी. आता चौकट अशी घ्या की दोन्ही बाजूंना ९ नं पूर्ण भाग जाईल, १०८ बाय १६२. १०८ मध्ये १२ पावलं, १६२ मध्ये १८. बाहेरचा मार्जिन आडवा ९.५ आणि उभा ८ मिमी राहतो, हा फरक कोणाच्या लक्षात येत नाही, पण कोपऱ्यातली अर्धी मुनिया सगळ्यांना दिसते. चारही कोपऱ्यांवर एक एक कमळ ठेवा, मग आखूड बाजूला मधे ११ मुनिया आणि लांब बाजूला १७. बरं, इथं एक हिशोब कायम चुकतो, ११ मुनियांमधे अंतरं १०च असतात, म्हणजे पहिल्या मुनियाच्या मध्यापासून शेवटच्या मध्यापर्यंत ९० मिमी. लांब बाजूला १४४. गोल असला तर मात्र जेवढी चिन्हं तेवढीच अंतरं, कारण शेवट परत सुरुवातीला येऊन मिळतो.

सरळ बाजूसाठी भारी काही लागत नाही. इंकस्केपमधे (चित्र काढायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यांवर चालतं) पहिली आणि शेवटची मुनिया बरोबर जागेवर ठेवा, मधल्या नऊ कंट्रोल डी मारून त्या दोघींच्या मधे कुठंही टाका, सगळ्या सिलेक्ट करून अलाइन अँड डिस्ट्रिब्यूटमधून आडव्या एका ओळीत आणा आणि मध्यबिंदू सारख्या अंतरावर वाटून द्या. तिथं दोन वेगळी बटणं असतात, एक मध्यबिंदू सारखे ठेवणारं आणि एक मधली मोकळी जागा सारखी ठेवणारं. सगळ्या मुनिया एकाच मापाच्या असतील तर दोन्हींचा निकाल सारखाच, पण मधे एखादं रुंद फूल असलं की फरक पडतो, तिथं मोकळी जागा सारखी ठेवलेली डोळ्याला बरी वाटते असं माझं मत.

खरी मजा वळणावर. तोरणाची दोरी मधे झोळ खाल्लेली असते, तिथं डिस्ट्रिब्यूट उपयोगाचं नाही, कारण ते आडवं अंतर मोजतं आणि आपल्याला दोरीवरून चालत गेलेलं अंतर पाहिजे. मधे दोरी जवळपास आडवी असते तिथं ठीक दिसतं पण दोन्ही टोकांना दोरी चढते तिथं पानं एकदम विरळ होतात. यासाठी इंकस्केपमधलं स्कॅटर वापरा, ते एका चिन्हाच्या कॉपी रेषेवरून ओळीनं लावत जातं. दोरी पेन टूलनं काढा, गोल किंवा चौकोन घेतला असेल तर शिफ्ट कंट्रोल सी मारून त्याचा पाथ (पेननं काढल्यासारखी रेष) करा. पान दोरीच्या वर पाहिजे, म्हणजे थरांमधे वर, तर पान सिलेक्ट करून होम दाबा. मग दोन्ही सिलेक्ट, एक्स्टेन्शन्स, जनरेट फ्रॉम पाथ, स्कॅटर. जे सगळ्यात वर असेल त्यालाच ते चिन्ह समजतं, म्हणून हा क्रम उलटा झाला तर पानाच्या कडेनं दोऱ्या लागलेल्या दिसतील.

स्कॅटरच्या खिडकीत स्पेस बिट्वीन कॉपीज म्हणजे पाऊल नाही बरं का, ती दोन चिन्हांमधली मोकळी जागा. चिन्ह ६.५ मिमी रुंद आणि जागा २.५ टाकली तर पाऊल ९ होतं. दोरी पूर्ण भरायची असेल तर स्ट्रेच स्पेसेस टू फिट ला टिक करा, मग ते उरलेली जागा सगळ्या अंतरांमधे वाटून टाकतं. खाली लाइव्ह प्रिव्ह्यू आहे तो चालू ठेवा, आकडा बदला आणि बघत राहा, पण नंतर दोरी हलवली तर पानं आपोआप हलणार नाहीत, अंडू करून परत लावावं लागतं.

आता फॉलो पाथ ओरिएंटेशन. हे चालू असलं की चिन्ह रेषेच्या वळणाबरोबर फिरतं. गोलाभोवती पाकळ्या लावायच्या तर चालूच पाहिजे, पण तोरणाला बंद करा. दारावरचं तोरण नीट बघा, दोरी तिरकी गेली तरी पान आपल्या वजनानं सरळ खालीच लोंबतं. टिक ठेवली तर कडेची पानं वाऱ्यानं उडाल्यासारखी बाहेर झुकतात. बंद करून लावल्यावर सगळी पानं एकत्र धरून वरखाली सरकवा, देठ दोरीला टेकला की झालं.

आसावलीसारखी वेल असेल तर स्कॅटर नको, तिथं पाथ इफेक्ट्समधलं पॅटर्न अलाँग पाथ, त्यात रिपीटेड स्ट्रेच्ड निवडा. हे चिन्हाला रेषेबरोबर वाकवतं आणि रेष बदलली की तेही बदलतं. वेल वाकलेली छान दिसते, मुनिया वाकली की चोच मोडल्यासारखी दिसते. रंग दोरीच्या पाथचा लागतो, चिन्हाचे स्वतःचे रंग राहत नाहीत, त्यामुळं एकरंगी कामालाच घ्या.

नुसते मोती पाहिजेत तर चिन्हसुद्धा नको. स्ट्रोक स्टाइलमधे कॅप राउंड करा आणि डॅश पॅटर्न ० २ ठेवा, रेषेच्या जाडीएवढे गोल ठिपके पडतात आणि दोन ठिपक्यांमधे एका ठिपक्याएवढी जागा.

आपल्याकडं बऱ्याच दुकानांत कोरलड्रॉच चालतं, त्यांनी ब्लेंड घ्यावं, ते दोन चिन्हांच्या मधल्या कॉपी स्वतः भरतं. दोन मुनिया, त्यांच्यात ब्लेंड, मग पाथ प्रॉपर्टीजमधून न्यू पाथ करून दोरीवर क्लिक, आणि जास्तीच्या ऑप्शनमधून ब्लेंड अलाँग फुल पाथ. फिरवायचं असलं तर रोटेट ऑल ऑब्जेक्ट्स. स्टेप्समधे दोन टोकं धरत नाहीत, ११ मुनियांना ९ टाका. बंद गोलावर लावलं तर पहिली आणि शेवटची एकावर एक आल्यात का ते झूम करून बघा, आली असेल तर ब्लेंड तोडून एक काढून टाका. इलस्ट्रेटरवाल्यांना पॅटर्न ब्रश आहे, कोपऱ्याची टाइल वेगळी देता येते हे त्यात लई चांगलं, फक्त ॲड स्पेस टू फिट ठेवा, स्ट्रेच टू फिट ठेवलं तर नक्षीच ताणली जाते.

शेवटचं, मुनियांची तोंडं. ओळीत सगळ्या एकाच दिशेला बघत असल्या तर पत्रिका एका अंगाला कलल्यासारखी वाटते. ११ पैकी सहावी काढून तिथं कमळ ठेवा, डावीकडच्या पाच जशाच्या तशा, उजवीकडच्या पाच सिलेक्ट करून एच दाबा, आडव्या उलटतात आणि अंतर तेच राहतं. लांब बाजूला नववी काढायची, दोन्हीकडं आठ आठ राहतात. ती बाजू उभी असल्यामुळं तिथं एच ऐवजी व्ही.