स्वतःचा ब्राउझर बनवताना इंजिन कसं निवडावं

शाळेच्या संगणक कक्षात मोजक्याच साइट उघडणारा ब्राउझर, ग्रंथालयातल्या टचस्क्रीनसाठी कुलूपबंद ब्राउझर, किंवा नुसती हौस. कारण कोणतंही असो, पहिला निर्णय इंजिनाचा. वेबपानाचा कोड वाचून अक्षरं, चित्रं, रकाने पडद्यावर मांडणारा भाग म्हणजे इंजिन. टॅब, पत्त्याची पट्टी, बुकमार्क, डाउनलोड हे सगळं त्याच्या भोवतीचं, आणि बहुतेकांना तेवढंच आपल्या मनासारखं करून हवं असतं.

लोकांच्या हाती द्यायच्या ब्राउझरसाठी आज इंजिनं तीनच: ब्लिंक (क्रोम, एज, ब्रेव्ह), वेबकिट (सफारी) आणि गेको (फायरफॉक्स). पहिली दोन एकाच घराण्यातली. केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या केएचटीएमएल इंजिनापासून अ‍ॅपलने वेबकिट घडवलं, आणि २०१३ मध्ये गूगलने वेबकिटपासून वेगळी चूल मांडून ब्लिंक सुरू केलं. त्याच वर्षी ऑपेराने आपलं प्रेस्टो इंजिन सोडून दिलं. मायक्रोसॉफ्टनेही २०१८ मध्ये स्वतःचं इंजिन बाजूला ठेवून क्रोमियमवर (क्रोमचा खुला पाया, इंजिन ब्लिंकच) जात असल्याचं जाहीर केलं. मायक्रोसॉफ्टला जे परवडलं नाही ते आपण घरी बसून लिहू, हा विचार सोडून द्या. लेडीबर्ड आणि सर्वो हे नव्याने इंजिन लिहिणारे प्रकल्प आहेत. त्यांचा कोड जरूर वाचा, हातभारही लावा, पण दुसऱ्यांना द्यायचा ब्राउझर इतक्यात त्यांच्यावर उभा करू नका.

निवड करताना बरेचजण वेगाचे तक्ते मांडून बसतात. तिन्ही इंजिनं पुरेशी वेगवान आहेत. खरा प्रश्न वेगळा आहे: इंजिनातलं सुरक्षेचं भगदाड उघडकीला आलं, की ते तुमच्या वापरकर्त्याच्या यंत्रावर कोण बुजवणार आणि किती दिवसांत? पुढच्या पायऱ्या याच प्रश्नाभोवती आहेत.

पायरी १: यंत्रं लिहून काढा

ब्राउझर कशावर चालणार? आयफोन असेल तर विषय संपला: भारतात अ‍ॅप स्टोअरच्या नियमाने वेबकिटच वापरावं लागतं. (युरोपीय संघात २०२४ पासून दुसऱ्या इंजिनांना वाट मोकळी झाली आहे.) अँड्रॉइड, विंडोज, मॅक, लिनक्स यांवर मात्र खरी निवड करता येते.

पायरी २: इंजिन कोणत्या रूपात घ्यायचं ते ठरवा

ब्लिंक की गेको यापेक्षा हा निर्णय मोठा आहे. वाटा तीन.

पहिली वाट, प्रणालीतलाच वेबव्ह्यू, म्हणजे कोणत्याही अ‍ॅपला आपल्या खिडकीत वेबपान दाखवू देणारा तयार भाग. विंडोजवर वेबव्ह्यू टू, मॅक आणि आयफोनवर डब्ल्यूकेवेबव्ह्यू, अँड्रॉइडवर सिस्टम वेबव्ह्यू, लिनक्सवर वेबकिटजीटीके. हे भाड्याच्या घरासारखं: दुरुस्ती मालक करतो, पण भिंत पाडायची मुभा नसते. सुरक्षेचे अपडेट मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅपल, गूगल किंवा लिनक्स वितरण पाठवतं. तुमचं अ‍ॅप लहान राहतं. तोटा असा, की विंडोजवर ब्लिंक आणि मॅकवर वेबकिट येतं, त्यामुळे प्रत्येक गोष्ट दोनदा तपासावी लागते. जुन्या मॅकवर तर इंजिनही जुनंच राहतं.

दुसरी वाट, इंजिन सोबत बांधून देणं. क्रोमियम एम्बेडेड फ्रेमवर्क (सीईएफ), क्यूट वेबइंजिन आणि इलेक्ट्रॉन हे अ‍ॅपमध्ये इंजिन बसवायचे तयार सांगाडे, आणि तिन्ही क्रोमियमवर उभे आहेत. फाल्कन आणि क्यूटब्राउझर हे ब्राउझर क्यूट वेबइंजिन वापरतात. सगळीकडे एकच इंजिन मिळतं, पण ते ताजं ठेवायची जबाबदारी तुमच्यावर येते. नवी आवृत्ती आली की तुम्ही नवं पॅकेज काढायचं आणि सगळ्यांपर्यंत पोचवायचं.

तिसरी वाट, अख्ख्या ब्राउझरचा फोर्क, म्हणजे त्याचा सगळा कोड घेऊन काढलेली आपली वेगळी आवृत्ती. ब्रेव्ह आणि विवाल्डी क्रोमियमचे असे फोर्क आहेत. टॉर ब्राउझर हा फायरफॉक्सच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर बेतलेला आहे. क्रोमियम कोडपासून बांधायलाच किमान १०० जीबी मोकळी डिस्क लागते, आणि १६ जीबीहून जास्त रॅम असली तर बरं. पण अडचण यंत्राची नाही. क्रोमने २०२१ मध्ये सहाऐवजी चार आठवड्यांना नवी आवृत्ती आणि २०२३ मध्ये दर आठवड्याला सुरक्षा अपडेट असं वेळापत्रक धरलं. म्हणजे तुमचे बदल सतत नव्या कोडवर चढवत राहायचे, दिवाळीतसुद्धा. या एकाच कामाला वाहिलेली माणसं नसतील तर या वाटेला जाऊ नका.

एकट्याने किंवा दोघातिघांनी करायचं असेल तर मी पहिलीच वाट सुचवेन.

पायरी ३: आता इंजिन

साइट बिनबोभाट उघडण्यात ब्लिंक पुढे, कारण बहुतेक वेबसाइट आधी क्रोममध्येच तपासल्या जातात. लिनक्सवर हलका ब्राउझर हवा असेल तर वेबकिटजीटीके चांगलं. ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपचा ‘वेब’ नावाचा ब्राउझर त्यावरच चालतो. गेकोची गोष्ट थोडी खेदाची आहे. अँड्रॉइडवर गेकोव्ह्यू सहज जोडता येतं, पण डेस्कटॉपवर दुसऱ्या अ‍ॅपमध्ये गेको बसवण्याचा अधिकृत मार्ग मोझिलाने कधीच बंद केला. तिथे गेको हवं तर अख्खा फायरफॉक्स फोर्क करावा लागतो. वेबवर एकाच कंपनीचं इंजिन राहू नये असं मनापासून वाटत असेल आणि हाताशी टीम असेल, तर ते जरूर करा.

पायरी ४: आधी कच्चा नमुना, मग पक्का शब्द

एक खिडकी, एक पत्त्याची पट्टी, एवढंच बांधा आणि पुढच्या गोष्टी तपासा.

गूगलचं लॉगिन सगळ्यात आधी. सीईएफसारख्या जोडलेल्या इंजिनांमधून होणारं लॉगिन गूगलने २०१९ पासून अडवायला सुरुवात केली. त्यामुळे बाकी सगळं चालून इथे गाडी अडू शकते. मग व्हिडिओ: सीईएफच्या तयार बांधणीत एच.२६४ सारखे कोडेक (व्हिडिओ उलगडणारे भाग) नसतात, आणि वाइडवाइन (कुलूपबंद व्हिडिओ उघडणारा गूगलचा भाग) नसेल तर नेटफ्लिक्स चालणार नाही. एक्स्टेंशन हवीत का? इलेक्ट्रॉनमध्ये क्रोमच्या एक्स्टेंशनला अर्धामुर्धाच आधार आहे. क्रोमियम फोर्क केलं तरी गूगलचं सिंक (बुकमार्क वगैरे सगळ्या यंत्रांवर सारखे ठेवणारी सेवा) मिळत नाही, ते स्वतः बांधावं लागतं.

मराठीही तपासा. ‘दर्‍या’ आणि ‘सुर्‍या’मधला अर्धा र नीट उमटतो का? पानाची भाषा मराठी असल्याचं कोडमध्ये सांगितल्यावर, फॉन्टमध्ये सोय असेल तर, ल आणि श मराठी वळणाचे दिसतात का? तुमचे वापरकर्ते ई-निविदा भरणारे असतील तर डिजिटल सहीचं टोकन लावून पाहा. केंद्र सरकारने २०२३ मध्ये भारतीय ब्राउझरसाठी स्पर्धा घेतली, तिच्या अपेक्षांमध्ये ही सहीची सोय होतीच. ती स्पर्धा जिंकलेला झोहोचा उला हाही क्रोमियमवरच बांधलेला आहे.

पायरी ५: परवाना आणि नाव

फायरफॉक्सच्या ज्या फाइल तुम्ही बदलाल त्या मोझिला परवान्याखाली खुल्या ठेवाव्या लागतात. वेबकिटच्या काही भागांना एलजीपीएल हा परवाना लागू होतो, म्हणजे त्या भागांतले बदलही खुले ठेवावे लागतात. क्रोमियमचा स्वतःचा कोड बीएसडी परवान्याचा, त्यातल्या मानाने सैल. क्रोम किंवा फायरफॉक्स ही नावं आणि चिन्हं मात्र कुठेही वापरू नका.

पायरी ६: परतीची वाट ठेवा

इंजिन बदलावं लागतंच. बंगळुरूचा एपिक ब्राउझर २०१० मध्ये मोझिलाच्या पायावर आला आणि २०१३ मध्ये क्रोमियमवर गेला. ब्रेव्हनेही सुरुवातीचा इलेक्ट्रॉनवर आधारलेला डेस्कटॉप ब्राउझर २०१८ मध्ये सोडून थेट क्रोमियम धरलं. म्हणून टॅब, इतिहास, बुकमार्क यांच्या कोडमध्ये इंजिनाची फंक्शनं थेट बोलावू नका. ‘पान उघड’, ‘मागे जा’, ‘शीर्षक बदललं’ अशा वीसेक क्रियांचा पातळ थर मध्ये ठेवा आणि इंजिनाशी फक्त त्यालाच बोलू द्या. बुकमार्क आणि इतिहास इंजिनाच्या फोल्डरमध्ये न ठेवता स्वतःच्या एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस) फाइलमध्ये ठेवा. उद्या इंजिन बदललं तरी वापरकर्त्याचं काही हरवणार नाही.