जुनी पेट्रोल गाडी पीयूसीत नापास झाली तर

पुण्या-मुंबईत १५-२० वर्षं चाललेल्या गाड्या अजून भरपूर आहेत. अशी गाडी नापास झाली की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) बदलायला सांगतात. त्या खर्चाआधी पीयूसीचे दोन आकडे नीट वाचा: सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि एचसी म्हणजे हायड्रोकार्बन, थोडक्यात न जळलेलं पेट्रोल. बीएस-२ आणि बीएस-३ (भारत स्टेज, म्हणजे प्रदूषणाचे सरकारी टप्पे) चारचाकीला आयडलिंगवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, सीओ ०.५ टक्के आणि एचसी ७५० पीपीएमच्या (दहा लाखांत ७५० भाग) आत हवा. बीएस-४ ला ०.३ टक्के आणि २०० पीपीएम.

सीओ जास्त असेल तर हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय. एअर फिल्टर उजेडासमोर धरा. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर बदलाच, नुसती हवा मारून भागत नाही. मग थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व्ह) बघा. गाडी तापते म्हणून तो काढून टाकायची सवय फार वाईट आहे: इंजिन पुरेसं गरम होत नाही आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) थंड इंजिन समजून जादा पेट्रोल सोडत राहतो. टेंपरेचर सेन्सर बिघडला तरी हेच होतं. ऑक्सिजन सेन्सर त्यानंतर तपासा. कार्बोरेटरच्या गाडीत चोक पूर्ण उघडतोय का, ते पाहा.

एचसी जास्त म्हणजे बहुधा मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. प्लग काढून गॅप फीलर गेजने मोजा, आकडा गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं की खराब प्लग वायरवर ठिणग्या दिसतात. हात लावू नका. व्हॅक्यूम पाइपला तडा असला तरी मिसिंग येतं. कार्बोरेटरचा स्क्रू आवळून पास करून देणारे सीओ उतरवतात, पण मिश्रण फार पातळ झालं की एचसी चढतो.

मिसिंग आधी काढा, कन्व्हर्टर नंतर. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. मिसिंग तसंच ठेवलंत तर नवाही जाईल. ऑइल खाणारी गाडीही कन्व्हर्टर खराब करते. निळा धूर फक्त सकाळी स्टार्टला येत असेल तर बहुधा व्हॉल्व्ह सील गेलेत. रेस दिली की सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगा.

तपासणीला जाताना १५-२० मिनिटं गाडी चालवा आणि रांगेत इंजिन बंद करू नका. कन्व्हर्टर साधारण ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही. मशीनची नळी किमान ३० सेंटिमीटर आत जायला हवी. सायलेन्सरला भोक असेल तर ते आधी बुजवा, नाहीतर बाहेरची हवा मिसळून आकडे खोटेच कमी येतात.