गव्हाचे पथ्य घरच्यांना समजावताना
सीलिअ‍ॅक आजाराविषयी सासूबाईंशी किंवा आजीशी सणाच्या पंगतीत वाद घालू नये. निवांत वेळी अहवाल समोर ठेवून सांगावे की, या आजारात गव्हातील ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करते, म्हणून पुरणपोळीचा एक घासही चालत नाही. ज्वारी, नाचणी, तांदूळ चालतात. मात्र बाजारच्या हिंगात बहुधा मैदा किंवा कणीक मिसळलेली असते आणि पोळपाटालाही कणीक चिकटलेली राहते, हे आवर्जून दाखवावे. या रुग्णांमध्ये चिंता व नैराश्य अधिक आढळते, हे तर मुळीच लपवू नये. आमंत्रण आले की धास्ती वाटते, आग्रह मोडताना अपराधी वाटते, असे नेमक्या शब्दांत बोलावे. उदासी टिकून राहिल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना घरातील एकाला सोबत न्यावे.