घरातले वायर्ड नेटवर्क वाढवताना या चुका टाळा

टीव्ही, प्रिंटर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आणि दोन-तीन संगणक झाले की राउटरचे लॅन पोर्ट (घरातल्या उपकरणांच्या केबल लावायच्या जागा) अपुरे पडतात आणि कपाटात पडून असलेला जुना राउटर बाहेर निघतो. त्यालाही पोर्ट आहेत, म्हणजे तो स्विचसारखाच (जादा पोर्ट देणाऱ्या साध्या पेटीसारखाच) चालेल, हा समज इतका पसरलेला आहे की, ‘नेट अधूनमधून जाते’ असे कोणी म्हटले की घरात दुसरा राउटर आहे का, हेच मी आधी विचारतो.

एका स्नेह्यांकडे संगणक कधी इंटरनेटला जोडला जाई, कधी नाही. सकाळी दिसणारा प्रिंटर संध्याकाळी गायब होई. इंटरनेट पुरवणाऱ्यांकडे तक्रारी करून झाल्या, मोडेमही बदलून झाला. मुख्य राउटर उपकरणांना १९२.१६८.१ ने सुरू होणारे आयपी पत्ते (नेटवर्कवरचे ओळखक्रमांक) वाटत होता, पण नेट बंद पडलेल्या संगणकाचा आयपी पत्ता निघाला १९२.१६८.०.१०३. जुन्या राउटरच्या लॅन पोर्टला केबल लावताना त्याचे डीएचसीपी (पत्ते आपोआप वाटण्याची सोय) बंद करायचे राहून गेले होते. त्यामुळे घरात पत्ते वाटणारे दोघे झाले होते आणि ज्याचे उत्तर आधी येईल त्याचा पत्ता उपकरण घेत होते. जुना राउटर पत्त्यासोबत गेटवे (इंटरनेटकडे जाण्याची वाट) म्हणून स्वतःलाच पुढे करी, आणि इंटरनेटची केबल लावायचा त्याचा वॅन पोर्ट तर रिकामाच होता.

माझ्या मते सरळ अनमॅनेज्ड (काही सेटिंग करावे न लागणारा) गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचा, स्विच घ्यावा. जुनाच राउटर वापरायचा हट्ट असेल, तर तो नेटवर्कला लावण्याआधी एकट्या संगणकाला जोडून त्याचे डीएचसीपी बंद करावे, मुख्य राउटर वाटत असलेल्या पत्त्यांच्या बाहेरचा पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२, त्याला द्यावा आणि मगच लॅन पोर्टमधून लॅन पोर्टमध्ये केबल लावावी. एवढे करूनही त्याचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असतील, तर वेग तिथेच अडणार.

दुसरी चूक घरी क्रिम्पिंग करणाऱ्यांची, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग बसवणाऱ्यांची. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम सारखा ठेवला की झाले, असे मानून निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी अशा, एकमेकींना पीळ घातलेल्या तारांच्या जोड्या ओळीने बसवल्या जातात. स्वस्त टेस्टरचे आठही दिवे लागतात, कारण तार सलग आहे की नाही एवढेच तो तपासतो. मात्र ३ आणि ६ क्रमांकाच्या पिनांवर एकाच पिळाच्या दोन तारा यायला हव्यात. त्या वेगवेगळ्या जोड्यांतल्या आल्या की पिळाचा उपयोग संपतो आणि लांब केबलवर डेटा गळू लागतो. मी नेहमी एकच क्रम वापरतो: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. एवढे पाठ करण्याचाही ज्यांना कंटाळा आहे, त्यांनी तयार केबल विकत घ्यावी.

गिगाबिटला चारही जोड्या लागतात, त्यामुळे जोडणी १०० एमबीपीएसवर अडकली तर राउटरला दोष देण्याआधी केबल बदलून पाहावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, विशेषतः तिच्यातून कॅमेऱ्याला वीजही द्यायची असेल तर. आठ पोर्टच्या स्विचमधला एक पोर्ट राउटरकडे जातो, हे खरेदीआधीच मोजावे.

साधा स्विच लूप ओळखत नाही. स्विचला आधीच जोडलेल्या केबलचे मोकळे दिसणारे दुसरे टोक त्याच स्विचमध्ये कोणी खोचले, तर सगळे घर एकदम ठप्प होते आणि स्विचचे दिवे एकत्र वेड्यासारखे लुकलुकतात. तसे दिसले की राउटर रीसेट करण्याची घाई न करता स्विचमधून एकेक केबल काढत जावी; दिवे शांत झाले की शेवटची काढलेली केबल कुठून कुठे जाते ते पाहावे.