परवानाधारकाने रोज जवळ बाळगण्यासाठी रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल कसे निवडावे

शस्त्र परवाना हातात पडला की आपल्याकडचा माणूस आधी ओळखीच्या परवानाधारकाला गाठतो आणि "कोणते घ्यावे?" एवढेच विचारतो. समोरचा स्वतःकडे जे आहे त्याचेच नाव सांगतो, हा तेच घेऊन येतो आणि सहा महिन्यांत ते कपाटात जाऊन बसते. कारण ते कमरेला टोचते, सदऱ्यावरून उठून दिसते, मोटारसायकलवर पुढे वाकले की पोटात रुतते. अशा वेळी शस्त्रात दोष क्वचितच असतो, बहुधा निवडीचा क्रमच चुकलेला असतो. आधी परवाना वाचावा, मग आपले कपडे आणि रोजचा रस्ता पाहावा, मग आपला हात ओळखावा आणि त्यानंतरच दुकानाची पायरी चढावी, असे माझे अनुभवाने बनलेले मत आहे.

परवाना आधी वाचावा

आपल्या देशात शस्त्र बाळगणे हा परवान्याचा विषय आहे आणि तो शस्त्र अधिनियम, १९५९ व शस्त्र नियम, २०१६ यांच्या चौकटीत चालतो. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते, अर्ज नमुना ए-१ मध्ये करावा लागतो आणि पोलिसांच्या अहवालानंतर जिल्हाधिकारी निर्णय घेतात. छत्रपती संभाजीनगर शहरात हे काम पोलीस आयुक्तांकडे आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला जास्तीत जास्त २ शस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत ५ वर्षांची झाली आहे. म्हणजे वडिलोपार्जित बारा बोअरची बंदूक घरात असेल आणि ती आपल्याच परवान्यावर असेल, तर नव्या शस्त्रासाठी एकच जागा उरते. ती विचार करूनच भरावी.

परवान्यावरील क्षेत्राच्या रकान्याकडे सीमाभागातील लोकांनी विशेष लक्ष द्यावे. उदगीरचा व्यापारी सकाळी बीदरला जाऊन दुपारी परत येतो, देगलूर आणि धर्माबादकडील लोकांचा तेलंगणात रोजचा राबता असतो, आणि त्या येण्याजाण्यात आपण राज्याची हद्द ओलांडली हे कोणाच्या मनातही येत नाही. परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर त्या हद्दीपलीकडे तेच शस्त्र बेकायदा ठरते. ज्यांचा व्यवहार अर्धा-अर्धा दोन राज्यांत आहे, त्यांनी क्षेत्राचा प्रश्न शस्त्र घेण्याआधी कार्यालयात निकाली काढावा.

कोणत्या बोअरचे, म्हणजे नळीच्या आतल्या कोणत्या व्यासाचे, शस्त्र मिळेल हेही कायदाच ठरवतो. सैन्याची ९ एमएम किंवा .४५ ची काडतुसे ज्यात बसतात अशी पिस्तुले प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात आणि जिल्हा पातळीवरील परवान्यावर ती घेता येत नाहीत. त्यामुळे परदेशातील चित्रफिती पाहून बोअरची तुलना करत बसण्यात सामान्य माणसाला काही लाभ नाही. त्याच्यासमोर खऱ्या अर्थाने तीनच वाटा असतात: .३२ चे रिव्हॉल्व्हर, .३२ चे पिस्तूल आणि .२२ चे छोटे रिव्हॉल्व्हर.

शस्त्र नियमांतील ३२ वा नियम मात्र प्रत्येकाने पाठ करावा. सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल न्यायचे असेल तर ते त्यासाठीच बनवलेल्या, अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत असले पाहिजे, ते पूर्णपणे झाकलेले असले पाहिजे आणि बाळगणाऱ्याचे त्यावर पूर्ण नियंत्रण असले पाहिजे. आपल्याकडे शस्त्र झाकून नेणे ही कायद्याची अट आहे. वरातीत, हळदीत, मिरवणुकीत ते काढून दाखवणे याच नियमाने निषिद्ध आहे, आणि आनंदाच्या भरात निष्काळजीपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. डिसेंबर २०२४ मधील मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर बीड जिल्ह्यातील परवान्यांची फेरतपासणी झाली आणि शंभराहून अधिक परवाने रद्द झाले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. कमरेचे शस्त्र लोकांना दिसावे अशी ज्याची मनातून इच्छा आहे, त्याने परवान्यासाठी अर्जच करू नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

कपडे, ऋतू आणि रोजचा रस्ता

झाकायचे म्हटले की प्रश्न कपड्यांचा येतो. परभणी-नांदेडकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि अंगावर एक पातळ सुती सदरा सहन होत नाही, तिथे जाकिटाच्या भरवशावर शस्त्र निवडणे व्यर्थ आहे. म्हणून निवड उन्हाळ्याच्या कपड्यांवर करावी. पायजमा आणि गुडघ्यापर्यंतचा नेहरू शर्ट घालणाऱ्याला झाकण भरपूर मिळते, पण पायजम्याच्या नाडीला वजन पेलवत नाही. त्याला आतून वेगळा रुंद पट्टा बांधावा लागतो. पँट-शर्ट घालणाऱ्याला पट्टा मिळतो, पण शर्ट खोचण्याची सवय सोडावी लागते.

घरी एक साधा प्रयोग करावा. साधारण पाऊण किलो वजनाची एखादी वस्तू, किराणा दुकानातील वजनाचे माप असले तरी चालेल, कापडात गुंडाळून पट्ट्याला बांधावी आणि एक पूर्ण दिवस तसेच राहावे: गादीवर मांडी घालून हिशेब लिहावा, जीपमध्ये चढावे, मोटारसायकलवर तालुक्याला जाऊन यावे, चप्पल घालण्यासाठी वाकावे. संध्याकाळी आपले अंगच सांगते की कंबरेच्या कोणत्या भागाला वजन चालते आणि कोणत्या भागाला नाही. उजव्या हाताच्या माणसाला बहुधा उजव्या कुल्ल्याच्या हाडामागची जागा मानवते. पाठीच्या मणक्यावर कधीही बांधू नये, कारण मोटारसायकलवरून पाठीवर पडल्यास ते कणा मोडू शकते.

होल्स्टर हा निवडीचा अर्धा भाग आहे, आणि लाखभर रुपयांचे शस्त्र घेऊन त्याला दोनशे रुपयांचे कापडी कव्हर लावणारे लोक पाहिले की मला मनापासून चिंता वाटते. होल्स्टरने चाप आणि चापाभोवतीची कडी पूर्ण झाकली पाहिजे, उलटे धरून हलवले तरी रिकामे शस्त्र खाली पडता कामा नये आणि शस्त्र काढल्यानंतर त्याचे तोंड मिटता कामा नये. मऊ कापडी कव्हरचे तोंड मिटते, मग शस्त्र परत ठेवताना कापडाची घडी चापात अडकते. कातडी होल्स्टर अंगाला मऊ लागते पण घाम पिते. कडक प्लास्टिकचे घाम पीत नाही, मात्र ते त्याच मॉडेलसाठी बनवलेले असावे लागते. ज्या मॉडेलला नीट बसणारे होल्स्टर मिळत नाही, ते मॉडेल रोज बाळगण्यासाठी घेऊ नये.

हात काय सांगतो

दुकानात शस्त्र हातात घेताना प्रथम ते रिकामे असल्याची स्वतः खात्री करावी. रिव्हॉल्व्हर असेल तर उघडून त्याच्या सिलिंडरमधील, म्हणजे फिरत्या नळकांड्यातील, काडतुसांची सहाही घरे डोळ्यांनी पाहावीत. पिस्तूल असेल तर आधी मॅगझिन, म्हणजे मुठीतली काडतुसांची पेटी, काढावे, मग स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीच्या मागचे काडतुसाचे घर, पाहावे आणि त्यात बोट घालून चाचपावे. दुकानदाराने आत्ताच पाहिले असले तरी आपण पुन्हा पाहावे. नळी सुरक्षित दिशेला ठेवावी आणि बोट चापाबाहेर.

मग मूठ पकडावी. नळी मनगटापासून कोपरापर्यंतच्या हाडाच्या रेषेत आली आणि तर्जनीच्या पहिल्या पेराचा मध्यभाग चापावर सहज पोहोचला, तर ती मूठ आपली. बोट पोहोचवण्यासाठी मूठ तिरकी करावी लागत असेल तर गोळी बाजूला जाणार, आणि हे सरावाने पूर्णपणे सुटत नाही. शेतात राबलेल्या रुंद पंजाला फार छोट्या मुठीवर करंगळीसाठी जागाच उरत नाही, हेही पाहावे.

रिव्हॉल्व्हरचा चाप, घोडा म्हणजे काडतुसावर आपटणारा मागचा भाग आधी हाताने न ओढता, म्हणजे एकाच लांब ओढीने, ओढून पाहावा. दुकानदाराची परवानगी घेऊन आणि आत डमी काडतुसे ठेवूनच ही चाचणी करावी. मी माझे पहिले रिव्हॉल्व्हर घेतले तेव्हा दोनदा चाप ओढला, ठीक वाटले आणि पैसे मोजले. पुढे सरावाच्या वेळी सातव्या-आठव्या ओढीला बोट थरथरू लागले आणि समोरची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरण्याची खूण, लक्ष्यावरून वीतभर हलू लागली. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की बारा वेळा ओढावा, आणि बाराव्या वेळीही माशी जागेवर राहते का ते पाहावे. घरातील स्त्रीच्या नावे परवाना असेल तर ही चाचणी तिनेच करावी. तिच्या वतीने नवऱ्याने किंवा भावाने चाप ओढून निर्णय देऊ नये.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल

महिन्यातून एखाद्या वेळीच शस्त्र हाताळणाऱ्याला मी रिव्हॉल्व्हर सुचवतो. ते भरलेले आहे की रिकामे हे उघडताच कळते, आणि एखादे काडतूस उडाले नाही तर पुन्हा चाप ओढला की पुढचे घर समोर येते. कानपूरच्या कारखान्यातील जुने .३२ रिव्हॉल्व्हर मधल्या बिजागरीवर वाकवून उघडते. जानेवारी २०१४ मध्ये आलेले 'निर्भीक' त्याच जातीचे, पण टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळे सुमारे ५०० ग्रॅमचे आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या 'प्रबल'चे वजन सुमारे ७०० ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर आणि त्याचे सिलिंडर बाजूला उघडते. २०० ग्रॅमचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण दिवसभर कमरेला तो जाणवतो. उलट गोळी सुटताना जड शस्त्र हातात कमी उसळते. 'निडर' हे सुमारे २५० ग्रॅमचे .२२ चे रिव्हॉल्व्हर खिशात मावते, तरीही .२२ चे काडतूस दुबळे आणि कडेला घोडा बसण्यावर चालणारे असल्याने न उडण्याची शक्यता त्यात अधिक असते. दुसरे काहीच पेलत नसेल तरच ते घ्यावे.

पिस्तूल चपटे असते, म्हणून पातळ सदऱ्याखाली ते चांगले लपते. रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर मात्र फुगीर दिसते. पण पिस्तुलाला नियमित सराव आणि स्वच्छता लागते. स्लाइडची स्प्रिंग घामेजलेल्या हातांनी ओढता येते का, हे दुकानातच पाहावे. .३२ च्या पिस्तुलाच्या काडतुसाला मागे किंचित कडा असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या मागे अडकली तर शस्त्र ऐन वेळी अडते, म्हणून वरच्याची कडा पुढे ठेवूनच भरावे. आणि दोन्हींचे बोअर .३२ असले तरी रिव्हॉल्व्हरची आणि पिस्तुलाची काडतुसे वेगळी असतात. ती एकमेकांत चालत नाहीत.

जुनी विलायती पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हरे आजही हातोहात विकली जातात, कारण सामान्य माणसासाठी त्यांची आयात कित्येक वर्षांपासून बंद आहे. केवळ नावासाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजण्यापूर्वी सुटे भाग मिळतील का, याचा विचार करावा. जुने रिव्हॉल्व्हर घेताना चाप पूर्ण दाबून धरावा आणि सिलिंडर हलवून पाहावे. ते डगमगत असेल तर सोडून द्यावे. नळीवरचा क्रमांक विकणाऱ्याच्या परवान्यावरील क्रमांकाशी अंकाअंकाने जुळवावा. खासगी व्यक्तीकडून घेताना विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस होऊ द्यावे लागतात. त्याआधी शस्त्र हातात घेऊ नये. पडल्यावर गोळी सुटू नये अशी आतली अडसर जुन्या बनावटीत बहुधा नसते, म्हणून अशा रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखालचे घर रिकामे ठेवावे आणि अशा पिस्तुलात चेंबर.

घेतल्यानंतरचे पहिले महिने

शस्त्र घेताच परवान्यावर नोंद करून घ्यावी आणि नेमबाजीच्या रेंजवर जाऊन, परवान्यावरील काडतुसांच्या मर्यादेत, त्याच होल्स्टरमधून काढण्याचा सराव प्रशिक्षकासमोर करावा. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे आणि तो धोक्याच्या प्रमाणातच वापरता येतो. ही कलमे एखाद्या वकिलाकडून एकदा शांतपणे समजून घ्यावीत. घरी आल्यावर शस्त्र कुलपात आणि काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत. उशीखाली किंवा देवघरातल्या फडताळात ठेवलेले शस्त्र पोरांच्या हाती लागते.

आपल्याकडे शस्त्राचा खरा शत्रू घाम आहे. एका मे महिन्यात परभणीहून गावी परतल्यावर मी रिव्हॉल्व्हर काढले, तर सदऱ्यावर मिठाचा पांढरा पट्टा उमटला होता आणि सिलिंडर व नळीच्या मधल्या फटीला हळदीसारखा पिवळसर थर धरला होता. तो गंज होता, आणि आदल्या रात्री फक्त पुसायचे राहिले होते. उन्हाळ्यात रोज रात्री शस्त्र रिकामे करून कोरड्या सुती फडक्याने पुसावे, तेलाचा हलका हात फिरवावा आणि कातडी होल्स्टर वेगळे, उन्हाविना वाऱ्यावर ठेवावे. शस्त्र होल्स्टरमध्येच रात्रभर ठेवू नये. निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र जमा करण्याचा आदेश आला तर ते तेल लावून, काडतुसांची संख्या आणि क्रमांक लिहिलेली पावती घेऊन जमा करावे, आणि परत मिळताच ठाण्याच्या ओट्यावरच उघडून पाहावे.