लेट्युसचं बी गच्चीवर भाजू नका

पाऊस उघडला, गच्ची वाळली, की पुण्यात कुंड्या भरायची घाई सुरू होते. मेथी टाकली, तीन-चार दिवसांत वर आली. त्याच दिवशी शेजारच्या ट्रेमध्ये लेट्युस टाकलं, आठ दिवस झाले तरी माती कोरी. मग ‘बी खराब निघालं’ म्हणत दुसरं पाकीट. दरवर्षी हेच पाहतोय. बी बहुतेक वेळा चांगलंच असतं, आपण ते ऑक्टोबरच्या उन्हात भाजलेलं असतं.

हे बी १५ ते २० अंशांना खुशीत उगवतं. माती २७-२८च्या वर गेली की अडखळतं, ३०च्या पुढे बरेचसे वाण उगवायचं नाव घेत नाहीत. हवामान खातं ३१-३२ अंश सांगतं ते सावलीतल्या हवेचं. स्लॅबवरच्या काळ्या ट्रेमधली माती दुपारी त्याहून कितीतरी तापते. त्यातून ओल लागल्यावर गरमीत अडकलेलं बी पुढे गारवा आला तरी झोपूनच राहू शकतं. म्हणून ‘थोडी वाट बघू, येईल’ हे इथे चालत नाही.

तेव्हा आत्ता पेरू नका. पेपरात शिवाजीनगरचं किमान तापमान येतं, ते सलग चार-पाच दिवस १७च्या खाली दिसलं की पेरा. हा माझा ठोकताळा, विद्यापीठाची शिफारस नव्हे. मगरपट्टा, कोरेगाव पार्ककडे रात्री उबदार असतात, तिथे आठवडाभर आणखी थांबा. पाषाणकडे रात्री गार असतात, तिथल्यांनी आधी पेरलं तर हरकत नाही.

थांबवत नसेल तर बी ओल्या फडक्यात गुंडाळून, डबीत घालून दोन दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा (फ्रीझरमध्ये नाही) आणि दिवस मावळल्यावर पेरा. पाणी प्यायल्यानंतरचे पहिले काही तास बी गरमीला सगळ्यात हळवं असतं, ते रात्रीच्या गारव्यात जाऊ द्या. ट्रे उजेडाच्या पण ऊन न येणाऱ्या जागी हवा, खाली ओलं गोणपाट. आमच्याकडे तो माठाच्या तिवईशेजारी, खिडकीत असतो.

आणि मेथीसारखं पुरू नका. या बियाला उजेड लागतो, गरमीत तर जास्तच. लाल प्रकाशाने बी उगवतं हे दाखवणारे गाजलेले प्रयोग अमेरिकेत बेल्ट्सव्हिलला १९५२ साली ‘ग्रँड रॅपिड्स’ या लेट्युसच्या वाणाच्या बियांवरच झाले. बी भुरभुरवा, वर चाळलेलं गांडूळखत जेमतेम ३ मिलिमीटर. वरचा थर वाळू देऊ नका.

दुकानात उगवण वाढवायची बाटली, ह्युमिक आम्ल, काय काय पुढे करतील. गारवा फुकट मिळत असताना बाटली कशाला? एका ग्रॅममध्ये ८०० ते १००० बिया असतात, सगळ्यात लहान पाकीटही घराला पुरून उरतं.

बाकीची कामं:
– वाण: लिटल जेम, टॉम थंब. गड्डा लहान, ६ इंची कुंडीत एक.
– भर: माती, कुजलेलं शेणखत, थोडं कोकोपीट.
– विरळणी: दोन पानांवर.
– लावणी: ४ पानांवर, १५-२० सेंटिमीटरवर.
– पाणी: सकाळी, मुळाशी.
– काढणी: ५० ते ६० दिवसांत.

रोपं बुरशीने कोलमडू नयेत म्हणून ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशीची पूड) किलोभर बियाला ५ ग्रॅम सांगतात. आपल्या चिमूटभर बियाला बोटाच्या टोकावर येईल तेवढी पूड पुरे. ढगाळ दिवस आले की पानामागे मावा बघा. ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून गाळलेली, संध्याकाळी फवारा. तोही रोप लहान असतानाच, पान कच्चं खायचंय. रासायनिक काही नको.

दर पंधरा दिवसांनी चिमूटभर पेरत राहा, शेवटची चिमूट डिसेंबरअखेर. संक्रांतीनंतर पेरलेलं फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात सापडतं. कांद्याला डेंगळा यावा तसा मधून दांडा वर येतो, पानं कडू होतात, मोडलं की पांढरा चीक. उरलेलं बी कोरडं करून घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रीजमध्ये. गच्चीवरच्या पत्र्याच्या कपाटात मुळीच नको.