स्थानिक उद्योगांसाठी फोकस ग्रुप घेताय? या चुका टाळा

फोकस ग्रुपमध्ये सहा ते दहा व्यावसायिकांना एकत्र बसवून, आपल्या गावातला धंदा कशामुळे अडतो आणि कशाने वाढेल, हे दीड तास सविस्तर ऐकायचे असते. कोल्हापुरात ही चर्चा फसते ती प्रश्नांपेक्षा समोर बसवलेल्या माणसांमुळे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे चप्पल तयार करणारे कारागीर आणि त्यांचा माल घेणारे दुकानदार एकाच खोलीत बसवणे. ज्याच्याकडून उचल घेतलेली आहे आणि पुढच्या महिन्याचे कामही ज्याच्याकडूनच यायचे आहे, त्याच्यासमोर कोणताही कारागीर दर परवडत नाही असे म्हणणार नाही. तो मान डोलावतो आणि अहवालात 'विक्रीची अडचण नाही' असे वाक्य जाते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्हे आहेत. त्याचा लाभ प्रत्यक्षात कोणाला होतो हे जाणून घ्यायचे असेल, तर कारागिरांचा आणि विक्रेत्यांचा गट वेगळाच हवा. हुपरीच्या चांदीकामात मजुरीवर दागिने घडवणारे आणि चांदी पुरवणारे यांनाही हेच लागू पडते.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावचे फाउंड्रीचालक, म्हणजे धातूचे ओतकाम करणारे कारखानदार, एकमेकांचे स्पर्धक असल्यामुळे दर आणि ग्राहक हे विषय निघताच गप्प होतात. त्यांना 'अडचणी काय?' असे मोघम न विचारता 'गेल्या वर्षी कोणती ऑर्डर सोडावी लागली आणि का?' असे विचारावे. वीजदर, वाळू, कुशल कामगार यांपैकी खरे कारण मग आपोआप पुढे येते.

पदाधिकाऱ्यांना व्यासपीठावर बसवू नये. शाल-श्रीफळ आले की चर्चेची निवेदन देण्याची सभा होते, हा आपल्याकडचा जुना अनुभव आहे. दिवाळीच्या तोंडावर दुकानदारांना आणि हंगामात गुऱ्हाळवाल्यांना बोलावणेही व्यर्थ आहे. एकच जण बोलत राहिला, तर प्रत्येकाला आधी दोन ओळी लिहायला सांगून त्या क्रमाने वाचून घ्याव्यात.

आठपैकी सहा जण बोलले म्हणून 'पंचाहत्तर टक्के उद्योजकांचे मत' असे लिहू नये. फोकस ग्रुपमधून कारणे कळतात, प्रमाण नाही. त्यासाठी सर्वेक्षण वेगळे करावे लागते. नवे मुद्दे निघेनासे होईपर्यंत, म्हणजे बहुधा तीन-चार गट, घ्यावेत.

मात्र एखाद्याने शेड हलवून सीमेपलीकडे कर्नाटकात जाण्याचा विचार बोलून दाखवला, तर अहवालाची वाट पाहू नये. त्याच आठवड्यात त्याच्या कारखान्यावर जाऊन एकट्याशी बोलावे.